लाईट गेल्यावर सर्व्हर कोण बंद करणार?

आपल्याकडे यूपीएसशी वागायची एक ठरलेली पद्धत आहे. खोका आणायचा, टेबलाखाली ढकलायचा, वर पाय ठेवायचे आणि विसरून जायचं. लाईट गेली की तो टीं-टीं करायला लागतो. मग कोणीतरी ओरडतं, "अरे, ते आधी बंद करा!" बझर बंद होतो, सगळे परत कामाला लागतात. पाच-दहा मिनिटांनी खोका गप्प होतो आणि त्याच्याबरोबर कॉम्प्युटरही. मग शिव्या कोणाला? वीज कंपनीला, यूपीएसला, नाहीतर बिचाऱ्या लिनक्सला.

मित्रांनो, यूपीएस आपल्याला फक्त काही मिनिटं उसनी देतो. त्या मिनिटांत मशीन नीट बंद करायचं असतं. ते काम आज बहुतेक ठिकाणी माणूस करतो, किंवा कोणीच करत नाही. रात्री दोनला लाईट गेली तर सर्व्हर बंद करायला वॉचमन काकांनी लॅबचं कुलूप उघडायचं का? की लॅबच्या मामांनी घरून यायचं? माझं स्पष्ट मत आहे की हे काम सॉफ्टवेअरचं आहे. लिनक्सवर ते सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यामुळे अडचण पैशाची नाही. अडचण निवडीची आहे, आणि ती निवड सॉफ्टवेअर टाकताना होत नाही, यूपीएस विकत घेताना होते. एवढंच मला या लेखात पटवून द्यायचं आहे.

कोयनेच्या शेजारी अंधार

मी मेढ्याचा. जावळी तालुक्याचं हे गाव वेण्णा नदीच्या काठी, सातारा आणि महाबळेश्वरच्या मध्ये आहे. आमच्याच तालुक्यात बामणोली आहे, तिथे कोयनेच्या शिवसागर जलाशयाचं पाणी येऊन टेकतं. या पाण्यावर चालणाऱ्या कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट. एवढी वीज शेजारी तयार होते, मग मेढ्यात लाईट जात असेल का? तर जुलै महिन्यात या आणि बघा.

यात नवल काही नाही. वीज कुठे तयार होते याचा आणि ती आपल्या सॉकेटपर्यंत अखंड येते का याचा फारसा संबंध नसतो. मधली लाईन महत्त्वाची. झाडाची फांदी पडते, जंपर तुटतो, डीपीवरचा फ्यूज उडतो आणि भर पावसात वायरमन खांबावर चढेपर्यंत आपण मेणबत्ती शोधत बसतो. २०२१ च्या जुलैत, २२ आणि २३ तारखेच्या दरम्यान, महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा पावसात लाईन टिकली तरच आश्चर्य. आणि हे फक्त डोंगराळ भागाचं दुखणं नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, मुंबई विद्यापीठाला काही परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या.

जुन्या लोडशेडिंगची एक गोष्ट बरी होती. वेळापत्रक असायचं. दुपारी बाराला जाणार म्हणजे जाणार, त्याआधी लोक कामं आवरून घ्यायचे. आता भारनियमन तेवढं राहिलेलं नाही, पण जी लाईट जाते ती न सांगता जाते. म्हणूनच आज लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची गरज तेव्हापेक्षा जास्त आहे.

"इन्व्हर्टर हाय की!"

मेढ्यात आमच्या तात्यांचं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. दोन पीसी, दोन्ही लिनक्सवर. दहावी-बारावीच्या निकालानंतर तिथे दाखल्यांसाठी रांग लागते. यूपीएसला वायर जोडून सॉफ्टवेअर टाकू या असं मी म्हणालो तेव्हा तात्यांनी विचारलं, "आरं, घरात इन्व्हर्टर हाय की! मग ह्यो आनिक खोका कशापायी?"

प्रश्न रास्त आहे आणि होस्टेलवरही पुष्कळ जण हाच विचारतात. घरचा साधा इन्व्हर्टर पंखा आणि ट्यूबसाठी असतो. लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला तो जो क्षण घेतो, त्यात पंख्याला काही कळत नाही, पण कॉम्प्युटर रिस्टार्ट होऊ शकतो. यूपीएस हा बदल साधारण दहा मिलिसेकंदांच्या आत करतो. दुसरं म्हणजे साधा इन्व्हर्टर मुका असतो. बॅटरी किती उरली हे तो कॉम्प्युटरला सांगू शकत नाही.

आता यूपीएसची ताकद किती ते बघू. छोट्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची एक बॅटरी असते. गुणाकार केला तर ८४ वॅट-तास. २०० वॅटचा लोड धरला तर कागदावर २५ मिनिटं. पण लेड-ॲसिड बॅटरीतून जोरात करंट ओढला की तिची क्षमता घटते, रूपांतरात थोडी वाया जाते, बॅटरी जुनी असेल तर आणखी घट. कागदावरची निम्मी वेळ मिळाली तरी नशीब समजायचं. शिवाय गरम खोलीत बॅटरी लवकर मरते; २५ अंशांवर प्रत्येक दहा अंश वाढीला आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. सांगलीच्या एप्रिलमध्ये बंद लॅबमध्ये ठेवलेल्या यूपीएसचं काय होत असेल, विचार करा.

म्हणून "मोठा यूपीएस घ्या" हा उपाय अर्धाच आहे. मोठा घेतला तर तो थोडा उशिरा संपेल, पण संपेलच. संपताना सर्व्हर चालू असेल तर नुकसान तेच.

नुकसान म्हणजे नेमकं काय? "लिनक्सला काही होत नाही, जर्नलिंग असतं," असं आपल्यातले हुशार लोक सांगतात. ईएक्सटी४ चं जर्नल फाईल सिस्टीमचा सांगाडा सांभाळतं. डिस्कवर अजून उतरलेलाच नाही असा मजकूर ते परत आणू शकत नाही. डेटाबेस चांगला असेल तर तो सावरतो, पण जुन्या मायआयसॅम प्रकारचे टेबल असतील तर दुरुस्ती करत बसा. ग्रंथालयात कोहासारखी प्रणाली चालवणाऱ्यांना किंवा फायनल इयरचे प्रोजेक्ट एका सर्व्हरवर ठेवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. सबमिशनच्या आदल्या रात्री कळतं, जर्नल कुठवर साथ देतं ते.

सॉफ्टवेअरकडून काय हवं?

निवड करण्याआधी अपेक्षा ठरवू. माझ्या मते चार गोष्टी हव्यात.

एक, लाईट गेल्याबरोबर लगेच मशीन बंद करायचं नाही. पावसाळ्यात लाईट दहा सेकंद जाते, येते, परत जाते. प्रत्येक वेळी सर्व्हर बंद व्हायला लागला तर दोन दिवसांत कोणीतरी ते सॉफ्टवेअरच काढून टाकेल. म्हणजे टायमर हवा: तीन मिनिटं वाट बघ, तेवढ्यात लाईट आली तर विसरून जा, नाही आली तर आवरायला घे.

दोन, एका यूपीएसवर चार मशीन असतील तर चारही क्रमाने बंद व्हायला हवीत.

तीन, मशीन बंद झाल्यावर यूपीएसलाही "आता तूही आउटपुट तोड" असं सांगता आलं पाहिजे. हे का, तर समजा सर्व्हर बंद झाला आणि लगेच लाईट आली. यूपीएस चालूच राहिला असेल तर सर्व्हरच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही. मग तो आपोआप चालू होणार नाही, सकाळी कोणीतरी बटण दाबेपर्यंत पडून राहील. आउटपुट एकदा तुटून परत आलं आणि बायोसमध्ये 'वीज आल्यावर चालू हो' ही सेटिंग असली की सर्व्हर स्वतः उठतो.

चार, नोंद राहिली पाहिजे. कधी गेली, किती वेळ गेली, व्होल्टेज किती होतं. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, त्यात सहा टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. सांगलीकडच्या उसाच्या पट्ट्यातले मित्र सांगतात की मोटारी सुरू झाल्या की बल्ब पिवळा पडतो. अशा वेळी लाईट असूनही यूपीएस बॅटरीवर जातो आणि लोक म्हणतात यूपीएस बिघडला. व्होल्टेजची नोंद हातात असेल तर दोष कुठे आहे ते कळतं, आणि तक्रार करताना "लाईट नीट नसते" याऐवजी तारीख, वेळ आणि आकडा देता येतो.

रिंगणातले उमेदवार

पहिला उमेदवार यूपीएस कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर. सीडी किंवा डाउनलोड मिळतं, चित्रं सुंदर असतात. पण बहुतेकांचं लक्ष विंडोजकडे असतं, लिनक्सची आवृत्ती असली तरी जुनी. सोर्स मिळत नाही. आणि मुख्य म्हणजे यूपीएसची कंपनी बदलली की सॉफ्टवेअरही बदललं.

दुसरा उमेदवार एपीसीयूपीएसडी. नावावरूनच कळतं की तो एपीसी कंपनीच्या यूपीएससाठी आहे. मला हा प्रोग्राम आवडतो. एक सेवा, एक कॉन्फिगरेशन फाईल, वाचायला सोपं मॅन्युअल. किती टक्के बॅटरी उरली, किती मिनिटं उरली किंवा किती सेकंद बॅटरीवर झाले, यापैकी जी मर्यादा आधी ओलांडली जाईल तिच्यावर तो मशीन बंद करतो. अर्ध्या तासात काम होतं. उणी बाजू अशी की तो एकाच कंपनीपुरता आहे आणि त्याची ३.१४.१४ ही आवृत्ती २०१६ सालची आहे.

तिसरा उमेदवार नट. पडद्यावरचा नट नव्हे आणि वर्कशॉपमधल्या बोल्टवरचाही नव्हे. नेटवर्क यूपीएस टूल्स या नावाची आद्याक्षरं. रसेल क्रोल याने १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेला हा प्रकल्प अजून जोमात आहे, २०२२ मध्ये त्याची २.८.० आवृत्ती आली आणि पुढेही काम सुरू राहिलं. याची रचना तीन थरांची. खाली ड्रायव्हर, जो यूपीएसशी त्याच्या भाषेत बोलतो. मध्ये एक सर्व्हर, जो ती माहिती नेटवर्कवर ठेवतो. वर एक राखणदार, जो माहिती बघून मशीन बंद करायचं का ते ठरवतो. यूपीएस बदलला तर फक्त खालचा ड्रायव्हर बदलायचा, वरचं सगळं तसंच राहतं.

नटमध्ये यूपीएसची स्थिती विचारायच्या आदेशाचं नाव आहे यूपीएससी! हसू नका, खरंच आहे. आपल्या होस्टेलवर या अक्षरांसाठी लोक वर्षानुवर्षं पहाटे चारला उठतात; ही यूपीएससी एका ओळीत सुटते. उत्तरात ओएल आलं म्हणजे लाईट आहे, ओबी आलं म्हणजे बॅटरीवर आहे, एलबी आलं म्हणजे बॅटरी संपत आली.

माझं मत नटच्या बाजूने आहे. कारण तांत्रिक कमी आणि व्यवहारी जास्त. कॉलेजात यूपीएस कोटेशन मागवून घेतले जातात. या वर्षी एका कंपनीचा, पुढच्या वर्षी दुसऱ्या, ज्याचा दर कमी त्याचा. एका कंपनीला बांधलेलं सॉफ्टवेअर अशा ठिकाणी दोन वर्षांत निरुपयोगी होतं. शिवाय आपण विद्यार्थी चार वर्षांचे पाहुणे. मी बसवलेलं उद्या ज्युनियरला कळलं पाहिजे, आणि त्याने नवा यूपीएस लावल्यावर सगळं पहिल्यापासून करावं लागू नये. नट शिकायला एपीसीयूपीएसडीपेक्षा अवघड आहे, चार-पाच फाईली लिहाव्या लागतात, हे मान्य. पण ते कष्ट एकदाच.

मग एपीसीयूपीएसडी वाईट का? मुळीच नाही. खोलीत एकच पीसी, एपीसीचाच यूपीएस, त्याला यूएसबी पोर्ट, तर बिनधास्त तो टाका. आणि लॅपटॉपवाल्यांना यातलं काहीच नको, त्यांचा यूपीएस पोटातच असतो.

स्वस्त खोक्यांची भाषा

"पण आमचा यूपीएस लोकल मेकचा, तो कुठे चालणार?" हा नेहमीचा आक्षेप. गंमत अशी की पुष्कळ स्वस्त यूपीएस आतून एकच जुनी भाषा बोलतात. मेगाटेक नावाने ती ओळखली जाते. कॉम्प्युटरने क्यू१ एवढा प्रश्न विचारायचा, यूपीएस एका ओळीत इनपुट व्होल्टेज, आउटपुट व्होल्टेज, लोडची टक्केवारी, फ्रिक्वेन्सी, बॅटरीचं व्होल्टेज, तापमान आणि स्थिती सांगतो. नटमध्ये या कुटुंबासाठी क्यूएक्स नावाचा ड्रायव्हर आहे. तात्यांचा खोका याच जातीचा निघाला.

एक सावधगिरी मात्र हवी. हे स्वस्त यूपीएस बॅटरी किती टक्के उरली ते सांगतातच असं नाही. मग नट बॅटरीच्या व्होल्टेजवरून अंदाज बांधतो. स्क्रीनवर ऐंशी टक्के दिसतात आणि जुनी बॅटरी पुढच्या मिनिटाला झोपते. म्हणून अशा यूपीएसवर टक्क्यांचा भरवसा न धरता टायमर लावावा. तात्यांच्या दुकानात मी तीन मिनिटांचा लावला आहे. तात्या आता कौतुकाने गिऱ्हाईकाला सांगतात, "थांबा जरा, त्याचं त्यो बंद हुतंय."

ज्यांच्या यूपीएसला पोर्टच नाही त्यांच्यासाठी एक देशी जुगाड आहे. एक जुना राउटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावायचा, यूपीएसवर नाही. सर्व्हर दर दहा सेकंदांनी त्याला पिंग करत राहतो. लाईट गेली की राउटर मरतो, उत्तर थांबतं. सलग दोन-तीन मिनिटं उत्तर आलं नाही तर सर्व्हर स्वतःला बंद करतो. दहा-बारा ओळींची शेल स्क्रिप्ट पुरते. बॅटरीची अवस्था यातून कळत नाही, आणि कोणी राउटरची वायर काढली तर सर्व्हर उगाच बंद होईल, म्हणून अशी दोन उपकरणं ठेवून दोन्ही गप्प झाली तरच बंद करावं. खर्च जवळजवळ शून्य.

स्विच विसरू नका

अनेक मशीन असतील तर ज्याला यूपीएसची यूएसबी वायर जोडली आहे तो प्रायमरी आणि बाकीचे सेकंडरी. जुन्या पुस्तिकांत यांनाच मास्टर आणि स्लेव्ह म्हटलेलं दिसेल. वेळ आली की प्रायमरी सगळ्यांना इशारा देतो, सेकंडरी आधी बंद होतात, तो शेवटी बंद होतो आणि जाताना यूपीएसला आउटपुट तोडायला सांगतो. जहाजाच्या कप्तानासारखं.

पण हा इशारा नेटवर्कवरून जातो. नेटवर्क स्विच जर भिंतीच्या सॉकेटला लावलेला असेल तर लाईट गेल्याबरोबर तोच मेला! मग प्रायमरीने कितीही आरडाओरडा केला तरी ऐकणार कोण? सर्व्हर यूपीएसवर आणि स्विच साध्या बोर्डावर, ही मांडणी ठिकठिकाणी दिसते. स्विचला वीज लागते ती किती? थोडेसे वॅट. तो यूपीएसवर घ्यावाच. आणि सेकंडरी मशीनच्या वाटेत फायरवॉल असेल तर नटसाठी ३४९३ हा पोर्ट उघडावा.

प्लग ओढून बघा

एवढं सगळं करून चाचणी केली नाही तर उपयोग काय? सॉफ्टवेअर बसवलं, स्क्रीनवर ओएल दिसलं, फोटो काढला, रिपोर्टात लावला, झालं. बॅटरी आतून मेलेली असली तरी ओएल दिसतंच, कारण लाईट आहे! खरी परीक्षा एकच. रविवारी सकाळी, सगळ्यांना आधी सांगून, बॅकअप घेऊन, यूपीएसचा प्लग भिंतीतून ओढायचा आणि घड्याळ बघत बसायचं. टायमर संपल्यावर मशीन क्रमाने बंद झाली का? यूपीएसने आउटपुट तोडलं का? प्लग परत लावल्यावर सर्व्हर स्वतः उठला का? सहा महिन्यांतून एकदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, एवढं केलं तरी पुरे. बॅटरी बदलली की तिच्यावर जाड पेनने तारीख लिहायची आणि यूपीएसच्या पाठीवर एक कागद चिकटवायचा: कोणता ड्रायव्हर, कोणती मशीन, टायमर किती.

मागणी एका ओळीची

शिक्षकांना आणि ऑफिसला आमची विनंती मोठी नाही. पुढच्या वेळी यूपीएसचं कोटेशन मागवाल तेव्हा त्यात एक ओळ वाढवा: "यूएसबी किंवा सिरियल पोर्ट असावा आणि तो लिनक्सवर नट सॉफ्टवेअरसह चालत असल्याचं प्रात्यक्षिक खरेदीपूर्वी दाखवावं." नटची सुसंगत उपकरणांची यादी सगळ्यांसाठी खुली आहे, ती आधी बघता येते. पोर्ट असलेला आणि नसलेला यूपीएस यांच्या किमतीत जो काही फरक असेल, तो एका रात्रीत बिघडलेल्या डेटाबेसपुढे काहीच नाही. विक्रेता म्हणेल, "साहेब, लिनक्स कोण वापरतं?" त्याला लॅब दाखवा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आपल्याकडून एवढं व्हावं की हे काम दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या दोघा-तिघांनी अंगावर घ्यावं आणि जाताना दुसऱ्या वर्षाच्या दोघांना शिकवून जावं. यात मार्क नाहीत, पण मशीन बंद होण्याचा क्रम, सेवा, नेटवर्क, स्क्रिप्ट हे सगळं हाताखालून जातं, जे चार प्रॅक्टिकलमध्येही जात नाही. वॉचमन काकांची झोपही मोडणार नाही.

पहिल्या रविवारी प्लग ओढायला मी येतो. स्टॉपवॉच तुम्ही आणा.

— तृतीय वर्ष, संगणक विभाग (मूळ गाव मेढा)